बनी हिलवरचा फेब्रुवारी

नोव्हेंबरात पहिल्या बर्फाचा अंदाज आला की आमच्या ब्रॅम्पटनमध्ये सगळ्यांचे चेहरे पडतात. ग्रोसरीच्या रांगेत, बसस्टॉपवर, मंदिरात चपला काढताना, जिथे बघावं तिथे एकच सूर, आला बाई पुन्हा. विंटर टायर्स घातले का, घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलला का, ड्राइव्हवेवर टाकायचं मीठ आणून ठेवलं का. आता पाच महिने घरात, असं म्हणून एक लांब सुस्कारा. मी त्या सुस्काऱ्यात सामील होत नाही. त्या संध्याकाळी मी बेसमेंटमध्ये उतरते, कोपऱ्यात उभ्या असलेल्या लांब पिशवीची चेन ओढते आणि स्कीच्या कडेवरून अंगठा फिरवून बघते. मेणाचा, रबराचा आणि ओल्या लोकरीचा मिळून एक वास येतो. त्या वासाबरोबर दर वर्षी एकच हिवाळा सगळ्यांत आधी वर येतो, २०१७चा, आणि त्यातलाही एकच वीकएंड. तो आठवला की आजही माझी कानशिलं तापतात. तापू देत. थंडीत बरंच वाटतं.

मी नागपूरची. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी अकरानंतर रस्ते ओस पडायचे. खिडक्यांना ओल्या चादरी, कूलरमधल्या वाळ्याचा गारेगार वास, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या तोंडी एकच वाक्य, "बाहेर पडू नको, ऊन लागेल." मी खिशात कांदा टाकायची, तोंडाला ओढणी गुंडाळायची आणि सायकल काढायची. कशासाठी, तर काही नाही. मैत्रिणीकडे एक पुस्तक द्यायला, किंवा नुसती चौकापर्यंत चक्कर मारायला. आई दारात उभी राहून म्हणायची, "हिला सांगून काही उपयोग नाही." त्या उन्हात रस्त्यावर मी एकटीच असायची आणि सगळं शहर माझं असल्यासारखं वाटायचं.

कॅनडात आले तर वाक्य तेच, नुसतं तापमान बदललेलं. बाहेर कुठे निघालीस, थंडी बाधेल. पहिले काही हिवाळे मी ऐकलं. नवीन देश, लहान मुलगी, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, आणि संध्याकाळी साडेचारलाच पडणारा अंधार. खिडकीतून मी बर्फ बघायची आणि खिचडी ढवळायची. माझ्यासारख्या कितीतरी बायका आपापल्या खिडकीतून तोच बर्फ बघत असतील. या देशातल्या वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग आम्ही काचेआडून काढला, याचा मला अजूनही राग येतो.

मग एकदा ईराच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, शाळेची सहल स्की टेकडीवर निघाली आणि सोबतीला पालक कमी पडले म्हणून मी गेले. ब्रॅम्पटनहून तासाभराच्या अंतरावरची ती एक साधी टेकडी. खरे डोंगर पाहिलेला माणूस हसेल तिला. पण सकाळच्या पहिल्या उन्हात, रात्री मशीनने सारखा केलेला तो उतार मी पाहिला. ओल्या केसांतून नुकता कंगवा फिरवावा तशा त्यावर बारीक सरळ रेघा होत्या, आणि एक पाऊल पडलेलं नव्हतं. शिक्षिका मला म्हणाल्या, तुम्ही आत बसून कॉफी घेतलीत तरी चालेल. मी चाळिशीला टेकलेली बाई. मी भाड्याचे बूट मागितले.

पुढची काही वर्षं मी पडत राहिले. आपण पडल्यावर आधी लागलं का ते बघत नाही, कुणी बघितलं का ते बघतो. ही सवय मोडायलाच मला दोन हिवाळे लागले. ती मोडली आणि मग स्की यायला लागलं. त्रेचाळिसाव्या वर्षी मी शिकवण्याच्या परीक्षेला बसले. वर्गात बाकी सगळी कॉलेजातली मुलं. माझा नवरा मंदार म्हणाला, "एवढीच हौस होती तर योगाचा क्लास लावायचास." ईरा तेव्हा चौदा वर्षांची. ती म्हणाली, "आई, इट्स फाइन, पण ते रेड जॅकेट घालून माझ्या स्कूलला येऊ नकोस, प्लीज." मी पहिल्या झटक्यात पास झाले. शिकवण्यात मी सगळ्यांत पुढे आहे, असं परीक्षकाने चारचौघांत सांगितलं. ते लाल जॅकेट मी त्या आठवड्यात ग्रोसरीला जातानासुद्धा घातलं.

टेकडीवरच्या स्की शाळेची मुख्य होती डोना. उन्हाने रापलेला चेहरा, घसा कायम बसलेला, आणि एका वेळी चार माणसांशी बोलायची सवय. वैजयंती हे माझं नाव तिने एकदा वाचलं, एक श्वास घेतला आणि बिल्ल्यावर 'व्ही' छापून आणलं. तिच्या शाळेत एक रिवाज होता. रोज सकाळी वर्ग सुरू होण्याआधी सगळे शिक्षक बर्फावर एका ओळीत उभे राहायचे, सगळ्यांत जुने डावीकडे, सगळ्यांत नवे उजवीकडे. समोर विद्यार्थ्यांचे घोळके येत आणि डोना डावीकडून वाटप सुरू करी. वरच्या उतारावर जाणारी तरबेज मुलं जुन्यांना. आयुष्यात कधी स्की पायात न घातलेले, रडणारे, हातमोजा हरवलेले, आमच्या उजव्या टोकाला. ही मंडळी शिकायची ती बनी हिलवर. बनी हिल म्हणजे टेकडीच्या पायथ्याचा लहानसा उतार, आणि वर जायला विमानतळावर बॅगा येतात तसा एक सरकता पट्टा.

मला बनी हिल आवडायची. अजून आवडते. वरच्या उतारांवर लोक मिरवायला जातात. इथे खाली प्रत्येक माणूस आयुष्यात पहिल्यांदाच घसरत असतो आणि ते घसरणं थांबवता येतं हे त्याला पहिल्यांदाच कळत असतं. तो क्षण चेहऱ्यावर लख्ख दिसतो. त्यासाठी मी पहाटे उठून, नाकातले केस गोठवणाऱ्या थंडीत गाडीच्या काचा खरवडायची. हायवेवर मी आणि ट्रक. उत्तरेकडे जाता जाता आभाळ राखाडीचं गुलाबी होई, आणि टेकडीशी पोहोचले की बर्फ उडवणाऱ्या यंत्रांची घरघर लांबूनच कानावर येई. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची आणि शनिवारी माणसांना उभं करायची.

नव्या शिक्षकांना डोनाने डिसेंबरातच सांगून ठेवलं होतं. फॅमिली डे, म्हणजे फेब्रुवारीतली सोमवारची सुट्टी, तिचा वीकएंड हा हंगामातला सगळ्यांत गर्दीचा. नव्यांपैकी मार्चपर्यंत कोण बर्फावर राहणार आणि कोण आत जाणार हे त्या तीन दिवसांत ठरेल. ज्याच्या वर्गातून लोक उठून जातात, तो आत. आत म्हणजे लहान मुलांनी ऊब घ्यायची खोली, जिथे नाकं पुसायची, ओले मोजे हीटरवर टाकायचे आणि दर पाच मिनिटांनी कुणाला तरी वॉशरूमला न्यायचं. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या कामासाठी मी परीक्षा दिली नव्हती.

त्या शनिवारी पार्किंग सकाळी आठलाच भरलं. भाड्याच्या बुटांची रांग दाराबाहेर गेली होती. लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलांची नावं, तळणाऱ्या बटाट्यांचा वास, ठिकठिकाणी उभ्या खोचलेल्या स्कींचं जंगल. ओळीच्या उजव्या टोकाला मी आणि माझ्या शेजारी कॉनर, वीस वर्षांचा, सोनेरी केसांचा, माझ्याबरोबरच परीक्षा दिलेला. मला सहा-सात वर्षांची सहा मुलं मिळाली. लहान मुलांशी बोलताना मी गॉगल वर सरकवते, कारण डोळे दिसले नाहीत तर मुलं घाबरतात. तसा मी तो सरकवला, गुडघ्यावर बसले आणि अर्णव नावाच्या एका मुलाची जॅकेटात अडकलेली चेन सोडवायला लागले.

माझा चेहरा त्याच्या वडिलांना तेव्हा दिसला. कुंपणापलीकडे नवरा-बायको उभे होते. नवरा तिशी ओलांडलेला, नवंकोरं जॅकेट, हातात फोन. तो बायकोला म्हणाला, आवाज जराही न दबवता, अगदी आपल्या पुण्याच्या मराठीत, "अगं, ही तर आपल्याच इंडियातली दिसतेय. ही काय शिकवणार? हिने तरी बर्फ कधी पाहिलाय? इथवर आलो ते गोऱ्याकडून शिकायला ना?" बायको काहीतरी पुटपुटली. मलाही शिकून बघायचंय, असं काहीसं. तो हसला. "तू नको, स्नेहल. तुला जमणार नाही. तू व्हिडिओ काढ."

परदेशातल्या मराठी माणसाची ही एक खास चूक आहे. विमानतळावर, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये तो मराठीत शिरतो आणि दार लावून घेतल्यासारखा निर्धास्त होतो. आपली भाषा इथे कुणाला कळतेय, असं त्याला मनापासून वाटतं. मीही हेच करत आले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा दाराच्या दुसऱ्या बाजूला होते.

मग तो डोनाकडे गेला आणि अतिशय गोड इंग्रजीत म्हणाला, कुणी मोअर एक्स्पीरियन्स्ड मिळेल का? बोलताना त्याचे डोळे कॉनरवर होते. डोनाने माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि सोपा रस्ता धरला. "व्ही, स्वीटी, आय नीड यू इनसाइड." माझी सहा मुलं कॉनरकडे गेली. अर्णवने मान वळवून विचारलं, "व्हाय कान्ट आय स्टे विथ हर?" कॉनरने त्याचा हात धरून त्याला पुढे नेलं.

तेव्हाच का नाही बोललीस, असं मला मैत्रिणी विचारतात. मराठीत एक सणसणीत वाक्य टाकलं असतंस तर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. झालं असतं की. ते वाक्य जिभेवर आलंही होतं, मी ते गिळलं. एक तर बोलायला तोंड उघडलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि त्या माणसाला माझं रडू दाखवायची माझी तयारी नव्हती. दुसरं म्हणजे, मी मराठीत बोलले असते की ते आमचं घरगुती भांडण झालं असतं. तो ओशाळून हसला असता, आडनावं विचारून झाली असती, आणि वर्ग कॉनरकडेच राहिला असता. मला ते भांडण जिंकायचं नव्हतं. मला माझा वर्ग हवा होता.

तो दिवस मी आत काढला. पाच वर्षांच्या मुलाला वॉशरूमला न्यायचं म्हणजे हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, खांद्यावर पट्टे असलेली बिब-पॅन्ट, आणि सगळं उतरेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. खिडकीवर वाफ साचली होती. ती पुसली की कॉनर दिसायचा. तो मुलांपुढे झकास वळणं घेऊन दाखवत होता आणि मुलं मागे बर्फात बसून बर्फ खात होती. दुपारी आमच्या मराठी मंडळातल्या शुभदाचा फोन आला. आमच्याकडे हळदीकुंकू सोयीच्या शनिवारी येतं आणि तो शनिवार नेमका हाच होता. ती म्हणाली, "अगं, अजून येशील तर ये. वाण सुंदर आहे, स्टीलच्या चाळण्या. त्या बर्फात काय ठेवलंय तुझं?" एका हातात कुणाचा तरी ओला मोजा होता. मी म्हटलं, "माझी चाळणी ठेव बाजूला," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मंदारने सगळं ऐकून घेतलं, माझ्यापुढे चहा ठेवला आणि प्रेमाने म्हणाला, "सोड ना. तुला काय कमी आहे?" हा प्रश्न मला आयुष्यभर वेगवेगळ्या लोकांनी विचारला आहे. कमी असेल तरच माणसाने काही मागावं, अशी आपल्याकडे समजूत दिसते. बाईने तर नक्कीच. घर आहे, नोकरी आहे, मुलगी गुणी आहे, मग कशाला? मला काहीही कमी नव्हतं. मला बर्फावर शिकवायचं होतं. आजही कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते आणि त्यापुढे स्पष्टीकरण देत नाही.

रविवारी सकाळी मी ओळीत माझ्या जागी जाऊन उभी राहिले. डोनाने भुवया उंचावल्या. मी आत असायला हवी होती. वाटप सुरू झालं आणि शेवटी मोठ्या माणसांचा एक वर्ग उरला, सगळे पहिल्यांदाच येणारे. मोठ्या नवशिक्यांचा वर्ग कुणालाही नको असतो. मुलं पडली तर उसळतात, मोठी माणसं पडली तर पडूनच राहतात आणि वर तुमच्याशी वाद घालतात. जुने शिक्षक आपापल्या बुटांचे खटके तपासायला लागले. मी दोन पावलं पुढे सरकले.

"मी घेते," मी म्हटलं.

डोना जवळ आली. तिने आवाज खाली आणला, जो तिला फारसा आणता येत नाही. या वर्गातून आज एक जरी माणूस उठून गेला तर मार्चपर्यंत तू आत, ती म्हणाली. ती दुष्ट नव्हती, दमलेली होती. मी मान हलवली आणि वर्गाकडे वळले. ट्रक चालवणारे दोन हसरे पंजाबी भाऊ, एक फिलिपिनो नर्स, एक निवृत्त गृहस्थ, आणखी दोन-तीन जण, आणि सगळ्यांत मागे, काल 'तू नको' ऐकूनही आज नाव नोंदवलेली, भाड्याचं हेल्मेट डोळ्यांवर आलेली स्नेहल. कुंपणापलीकडे तिचा नवरा फोन घेऊन उभा होताच.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, अरे बाप्पा, हीच जाणार. हीच उठून जाणार आणि मला घेऊन जाणार.

स्कीमध्ये एक गोष्ट आहे जी अंगाला पटत नाही. उतारावर भीती वाटली की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकला की स्की सुटतात. थांबायचं असेल तर पुढे झुकावं लागतं, जिकडे भीती आहे तिकडेच. हे सांगितलं की लोक लगेच त्यात जीवनाचं तत्त्वज्ञान शोधतात. मी वर्गात ते चालू देत नाही. नडगीने बुटाची जीभ, म्हणजे पुढची पट्टी, दाबायची, हात पुढे, नजर लांब. बाकी तत्त्वज्ञान घरी जाऊन करा.

दोघे भाऊ पहिल्या अर्ध्या तासात तीन वेळा एकमेकांवर आदळले आणि खूश झाले. नर्स गुपचूप शिकून मोकळी झाली. स्नेहल मात्र मागेच झुकत होती, दर वेळी. आणि कुंपणावरून हाका चालू होत्या. "वाक, स्नेहल! वाक म्हणतोय ना! गुडघे!" तो माणूस आयुष्यात स्कीवर उभा राहिला नव्हता. त्याने व्हिडिओ पाहिले होते. चौथ्यांदा पडली तेव्हा ती उठलीच नाही. तिने टाचेमागचा खटका हाताने दाबून एक स्की बुटापासून सोडवली.

"सॉरी," ती मला इंग्रजीत म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "माय फीट आर किलिंग मी. आय विल जस्ट गो."

वर, इमारतीच्या लाकडी डेकवर डोना रेलिंगला टेकून आमच्याकडेच बघत होती.

मी स्नेहलसमोर बर्फात गुडघे टेकले. "मोजे किती घातलेत?" मी विचारलं.

मराठीत विचारलं. कसं आलं तोंडातून, मला ठाऊक नाही. ठरवलं नव्हतं. दुखणं कुठे आहे हे मला कळलं होतं आणि घाईत जी भाषा हाताशी आली ती आली. तिचा हात दुसऱ्या खटक्यावर तसाच राहिला.

"तुम्ही मराठी?"

"मोजे किती?"

"दोन. म्हणजे आधी सुती, त्यावर लोकरीचे. आणि आतली थर्मल पॅन्ट मोज्यात खोचलीय. निखिल म्हणाला, पाय गारठतील."

ही दुसरी खास आपली चूक. थंडी म्हटली की थर चढवायचे. कानटोपीवर टोपी, स्वेटरवर स्वेटर, मोज्यांवर मोजे. स्कीच्या बुटात एकच पातळ मोजा लागतो आणि त्यात दुसरं काहीही नाही. कापडाची एक घडी आत राहिली तर ती तासाभरात नडगीत रुतते, आणि नडगी दुखली की माणूस पुढे झुकणार कसा? ती घाबरट नव्हती. तिला पुढे झुकताच येत नव्हतं. मी तिचा बूट उघडला, लोकरीचा मोजा ओढून काढला, थर्मल पॅन्टचा बोळा सोडवून वर सरकवला, सुती मोजा ताणून बसवला. मग दुसरा पाय. कुंपणापलीकडून फोन रोखलेलाच होता. अनोळखी बाईच्या पायाशी बसून मी तिचे मोजे काढत होते आणि मला त्यात काहीही कमीपणा वाटत नव्हता.

"काल तुम्ही ऐकलंत?" तिने हळूच विचारलं. "सगळं?"

"सगळं."

तिने हातमोज्यांनी तोंड झाकलं. "मी निखिलच्या वतीने..."

"तुम्ही कशाला माफी मागता? काल तुमचे मिस्टर आपल्या दोघींबद्दल बोलले. ही काय शिकवणार, हे माझ्याबद्दल. तुला जमणार नाही, हे तुमच्याबद्दल." मी बुटाचे खटके लावत होते, एकेक, जोर देऊन. "तुम्ही आत्ता गेलात तर मला उद्यापासून आत बसवणार आहेत. हे मी लपवत नाही. तरी जायचं असेल तर जा, अडवणार नाही. आणि राहायचं असेल तर रागाने राहा. मला चालेल."

तिने कुंपणाकडे पाहिलं. दोघे भाऊ पट्ट्यावरून वर जाता जाता ओरडले, "कम ऑन, दीदी!"

"उठायचं कसं ते सांगा," स्नेहल म्हणाली.

सुटलेली स्की मी तिच्या बुटाला पुन्हा अडकवली. उठणं हीच स्कीमधली सगळ्यांत अवघड गोष्ट. मी तिला म्हटलं, पंगतीत जेवून झालं, हात खरकटा आहे, जमिनीला लावायचा नाही, तेव्हा कशा उठता? पाय जवळ घेऊन, एका कुशीवर, गुडघ्यावर जोर देऊन. ती म्हणाली, "अहो, मी टेबलावर जेवते." आम्ही दोघीही हसलो. आणि हसता हसता ती उठली. स्की आडव्या ठेवून, गुडघ्यावर हात देऊन, स्वतःची स्वतः.

त्यानंतरचा तास माझ्या अंगात अजून आहे. हलका बर्फ पडायला लागला होता. मी तिच्यापुढे उलटी घसरत होते, हात पसरून, तिला न धरता. "नडगी," मी म्हणत होते, "नडगी, नडगी." स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, आणि ती खाली येत होती, दात आवळून, वेड्यासारखी रागावलेली, सरळ माझ्या डोळ्यांत बघत. उतार संपायच्या आत ती थांबली. आपण थांबलो हे तिला आधी कळलंच नाही. मग तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मी पट्ट्याकडे बोट दाखवलं. ती पुन्हा पट्ट्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. पाचव्या फेरीला तिने वळण घेतलं. कुंपणावरच्या हाका कधी थांबल्या ते माझ्या लक्षात आलं नाही.

आता त्या ओळीत मी मध्याच्या जरा डावीकडे उभी असते. मागून आलेले नवे शिक्षक उजवीकडे असतात, त्यांत आपल्या मुलीही असतात, आणि मला ते बघायला आवडतं. तरीही कधी कधी एखादा पालक माझ्यावरून नजर फिरवतो आणि शेजारच्याकडे नेतो. मला ती नजर आता लांबून ओळखता येते. मी गॉगल वर सरकवते आणि त्याच्याकडेच बघत राहते, तो खाली बघेपर्यंत. एवढं करायला मला आवडतं, आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

त्या रविवारी वर्ग संपला तेव्हा सगळेच्या सगळे खाली उभे होते, घामाघूम, एकमेकांचे फोटो काढत. डोना डेकवरून खाली आली. तिने माझा वर्ग एकदा नजरेने मोजला आणि म्हणाली, "जेवून घे. दुपारचा मोठ्यांचा वर्गही तूच घे. उद्याचाही." तिची शाबासकी एवढीच असते. मला तेवढी पुरेशी होती.

सगळ्यांना बूट सोडवायला मदत करता करता जेवायची वेळ संपत आली. स्की खांद्यावर टाकून मी निघाले, तर कुंपणाशी निखिल वाट बघत होता. स्नेहलने त्याला सांगितलं असणार. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. थंडीचा भाग त्यात किती होता ते मला सांगता येणार नाही.

"अहो, आधी सांगायचं ना तुम्ही मराठी आहात!" तो म्हणाला. "काल उगाच काहीतरी बोलून गेलो. आपलंच माणूस आहे हे कळलं असतं तर मी कशाला असं बोललो असतो? कुठल्या तुम्ही? मंडळात कधी दिसला नाहीत."

तो मनापासून बोलत होता. तेच मला खुपलं. दोन दिवस आवरून धरलेलं सगळं वर आलं, पण आवाज चढला नाही.

"आणि मी मराठी नसते तर?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तमिळ असते. पंजाबी असते. श्रीलंकेची असते. मग कालचं बरोबर होतं?"

"तसं नाही हो," तो हसला आणि फोनशी चाळा करायला लागला. "तुम्ही फारच मनाला लावून घेतलंत."

स्नेहल त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते आणि त्यांतून वाफ निघत होती.

"मग कसं आहे, निखिल?" ती म्हणाली. "सांग ना. त्या मराठी नसत्या तर?"

जेवायची वेळ निघून गेली होती. उत्तर ऐकायला मी थांबले नाही. बनी हिलच्या पायथ्याशी दुपारचा वर्ग येऊन उभा होता, आणि तो माझा होता.